पातेरा जाळू नका, आळ्यात घाला

होळी झाली की कोकणात अंगावरचा घाम वाळत नाही. हवा इतकी दमट असते की बागेलाही ओल असेल असे वाटते. तसे नसते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत पावसाळा सरला की जूनपर्यंत फारसा पाऊस नाही, आणि जांभ्याच्या मातीत पाणी टिकत नाही. म्हणून मार्च ते मे या काळात पहिले काम जमीन झाकण्याचे, पाण्याचा हिशेब त्यानंतर.

नेमक्या याच दिवसांत आंबा, काजू, फणसाचा पातेरा झाडून पेटवला जातो. राब भाजल्याने भाताच्या रोपातले तण कमी होते, हे खरे. पण बागेतला पातेरा बागेतच राहू द्या. आग लावली की आच्छादन जाते आणि वारा फिरला तर शेजारच्या काजूत वणवा शिरतो. बागेभोवतीची गवताची पट्टी मात्र आताच साफ करून घ्या.

माडाची कामाची मुळे बुंध्यापासून साधारण दोन मीटरच्या आतच असतात. आळे तेवढेच ठेवा. त्यात सोडणे पाठ वर करून पसरा, त्यावर झावळ्या टाका. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, म्हणजे वाळवी थेट खोडाला लागणार नाही. आळ्याने पाणी देत असाल तर दर चार दिवसांनी 200 लिटर द्या. ठिबक असेल तर रोज 30 ते 40 लिटर पुरते. माडाला बसलेला ताण लगेच दिसत नाही. नारळ तयार होण्याच्या कितीतरी आधी पोय आत धरलेली असते, त्यामुळे या उन्हाळ्यातली हयगय पुढची दोन-अडीच वर्षे उत्पन्नातून वजा होते. पाण्यात कसर करायचीच झाली तर ती माडावर करू नका.

पोफळीला दर तीन ते पाच दिवसांनी झाडामागे 175 लिटर पाणी लागते. तिचे खरे दुखणे मात्र दुपारनंतरचे ऊन. नैऋत्येकडून येणाऱ्या तिरप्या उन्हाने कोवळे खोड भाजते, तिथे चीर पडते आणि पुढे वाऱ्यात झाड तिथेच मोडते. त्या बाजूला विरी किंवा झावळ बांधा. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ते पाणी माड बऱ्यापैकी सोसतो, पोफळ आणि जायफळ सोसत नाहीत. गोड्या पाण्याची विहीर त्यांच्यासाठी राखा.

माडाच्या पानाखाली पांढरी गोल नक्षी आणि खालच्या पानांवर काजळी दिसली, तर ती रुगोज चक्राकार पांढरी माशी. भारतात ती 2016 मध्ये प्रथम तमिळनाडूत आढळली. कोरड्या उन्हाळ्यात ती वाढते. घाबरून कीटकनाशक मारू नका. तिला मारणारे एन्कार्सिया हे परजीवी कीटक त्यात आधी मरतात. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारावा.

गेल्या पावसात लावलेल्या आंब्याच्या कलमांना नैऋत्येला झावळीचा आडोसा करा, जोडाखालचे फुटवे काढा, मोहोर आला असेल तर खुडा. परसातल्या काकडी, पडवळ, दुधीला फळमाशीचा सापळा लावताना वेलवर्गीय भाज्यांसाठीचा क्यू-ल्यूर मागून घ्या. आंब्यासाठीच्या मिथाइल युजेनॉलकडे ही माशी येत नाही. डागलेली फळे वेलाजवळ टाकू नका, खोल पुरा.

मेमध्ये वळवाची एखादी सर आली की पंप बंद करण्याची घाई होते. आधी आळ्यात हातभर खणून पाहा. खालची माती मुठीत दाबून गोळा होत नसेल तर पाणी चालूच ठेवा.