ईश्वराचा अधिकार आणि लोकांचा दाब : पंडिता रमाबाई व टिळक दांपत्य

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात बाप्तिस्मा हा मध्यबिंदू मानण्याची प्रथा रूढ आहे. आधीचा काळ शोधाचा, नंतरचा शांतीचा, अशी विभागणी गृहीत धरून आत्मचरित्रे वाचली जातात. या वाचनात लोकापवाद, बहिष्कार आणि आप्तांचा आक्रोश हे सारे बाप्तिस्म्याच्या अलीकडे राहते. पलीकडे केवळ श्रद्धा उरते. प्रत्यक्ष ग्रंथ मात्र निराळे काही सांगतात. ईश्वराचा अधिकार सर्वोच्च मानणाऱ्या व्यक्तीवर लोकांचा दाब धर्मांतरानंतरही येतो. पुष्कळदा तो स्वधर्मीयांकडून, धर्माच्याच भाषेत येतो. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्या संदर्भात या दुसऱ्या दाबाचा विचार करावयाचा आहे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील पाचव्या अध्यायाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पेत्र आणि त्याचे सोबती उपदेश थांबविण्याचा हुकूम नाकारतात आणि मनुष्यांपेक्षा ईश्वराचे ऐकणे आपल्याला प्राप्त आहे, असे उत्तर देतात. हा प्रसंग ख्रिस्ती परंपरेत वारंवार उद्धृत होतो, परंतु हुकूम देणारे कोण होते, इकडे लक्ष क्वचितच जाते. तो हुकूम रोमन शिपायांचा नव्हता. यरुशलेमातील धर्मसभेचा होता. म्हणजे ज्याला आपण ‘जग’ म्हणतो, ते या मूळ प्रसंगातच धर्माधिकाऱ्यांच्या आसनावर बसलेले आहे.

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात दाबाचे पहिले, अधिक परिचित रूप दिसते. घर, जात आणि आप्त यांच्या विरोधातून मार्ग काढीत 1854 मध्ये बेळगाव येथे घेतलेल्या बाप्तिस्म्यापर्यंत निवेदन येते आणि ग्रंथाच्या नावाप्रमाणे तेथे उजाडते. पुढच्या मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनांना या रचनेने एक साचा पुरविला. रमाबाई त्या साच्यात बसत नाहीत.

रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, तेथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या सान्निध्यात, कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि अन्य मंडळींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पत्रे इंग्रजीत आहेत. तरीही एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीच्या वैचारिक गद्याचा विचार त्यांना वगळून करता येणार नाही. या पत्रांतील वाद वरवर पाहता किरकोळ वाटतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत? त्रैक्याचा सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारावा काय? चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही? शेवटच्या प्रश्नावर मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. हिंदुस्थानात जाहीर सभांतून पुरुषांपुढे शास्त्रार्थ सांगणाऱ्या, 1882 मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देणाऱ्या विदुषीला ख्रिस्ती झाल्यावर पुरुषांना शिकविण्याची मनाई व्हावी, हा विरोधाभास रमाबाईंच्या ध्यानात न येणे अशक्य होते.

त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : पुरोहितवर्गाचे जोखड आपण मोठ्या कष्टाने उतरविले आहे, तसलेच दुसरे जोखड, ते ख्रिस्ती आहे एवढ्याच कारणाने, मानेवर घेण्यास आपण तयार नाही, सद्सद्विवेक आणि बुद्धी ईश्वराने दिली आहे, ती वापरणे हे ईश्वराचेच आज्ञापालन होय. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. त्यांची ही तक्रार सहज झटकून टाकण्यासारखी नाही. ईश्वराच्या अधिकाराचे नाव घेऊन मनुष्य स्वतःचाच हट्ट पुढे रेटू शकतो. आणि बाहेरून पाहणाऱ्याला श्रद्धा व हट्ट यांतील भेद तत्काळ कळत नाही. किंबहुना ज्याचे त्यालाही तो नेहमी कळतो असे नाही. रमाबाईंनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत मागे वळून पाहताना, त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशी कबुली दिली आहे. ही कबुली जेराल्डिन यांच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. रमाबाईंना उणे वाटले ते ख्रिस्ताशी असलेल्या वैयक्तिक नात्यात. चर्चच्या आज्ञा मानल्या नाहीत याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केलेला नाही.

1893 मधील शारदासदनाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. 1889 मध्ये मुंबईत स्थापन झालेली आणि पुढील वर्षी पुण्यास आलेली ही संस्था धार्मिक बाबतीत तटस्थ राहील, असा समज होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत आणि येणाऱ्या मुलींना अडवीत नसत. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. येथे रमाबाईंना एकट्याने झुंजणारी श्रद्धावती आणि सल्लागारांना भित्रे लोकानुवर्ती ठरविणे सोपे, परंतु अन्यायाचे आहे. पालकांनी एका विश्वासावर मुली सोपविल्या होत्या. त्या विश्वासालाही नैतिक वजन होते. रमाबाईंचे म्हणणे मात्र असे, की स्वतःच्या प्रार्थनेला कुलूप लावणे ही तटस्थता नव्हे. उघड्या दाराने आमंत्रण दिले की केवळ मज्जाव केला नाही, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि आजही तो सुटतो असे वाटत नाही.

रमाबाईंनी अधिकाराविषयी जो पक्ष घेतला, त्याचे वाङ्मयीन फलित केडगावच्या मुक्तिसदनात दिसते. चर्चच्या मध्यस्थीवाचून ईश्वराचे वचन वाचता यावे, हा आग्रह स्वतःपुरता न ठेवता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला व बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेल्या स्त्रीने अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा मराठीसाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचावीत, यातील त्यागाची दखल भाषांतराच्या इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत दाबाचे स्वरूप पुन्हा बदलते. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांतील ‘दास’ ही मुद्रिका केवळ संतपरंपरेचे अनुकरण नाही. जो एका धन्याचा दास झाला, त्याच्यावर इतरांचा हक्क चालत नाही, असा दावाही तिच्यात अनुस्यूत आहे. त्या दाव्याची कसोटी 1917 मध्ये लागली. अमेरिकन मराठी मिशनचे वेतन व आश्रय सोडून टिळकांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ज्या विधीपायी त्यांनी स्वतः घर, जात आणि मित्र गमावले, तोच विधी प्रवेशाची अट राहू नये, असे त्यांना उत्तरायुष्यात वाटले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाची आहे. वेतन ही तर उघड ऐहिक गोष्ट. ते मिशनकडून येते म्हणून त्यातले ऐहिकत्व लोपत नाही, हे टिळकांनी ओळखले होते.

ही कथा केवळ टिळकांच्या बाजूने सांगितली गेली असती, तर ती एका भक्ताची उज्ज्वल गाथा ठरली असती. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ने, 1934 पासून भागाभागांनी आलेल्या या ग्रंथाने, तिला दुसरी बाजू दिली. ईश्वर पुरवील या भरवशावर नवरा घरातली वस्तू उचलून देतो, न सांगता निघून जातो, परकी मुले घरी आणतो. त्यानंतर चूल पेटवायची असते ती बायकोला. लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा तक्रारीचा सूर लागत नाही, आणि समर्थनाचाही नाही. त्यांचा विनोद दोन्ही शक्यता मोडून काढतो. बाप्तिस्म्यानंतरच्या ताटातुटीचे प्रसंग वाचताना लक्षात येते, की टिळकांच्या दृष्टीने ‘लोकांचा दाब’ म्हणजे बऱ्याच अंशी हीच पत्नी होती : लहान मुलाला घेऊन माहेरच्यांच्या आधाराने राहणारी, नवऱ्यावर माया करणारी आणि त्याच मायेमुळे त्याला मागे ओढणारी. अध्यात्माच्या ग्रंथांत प्रपंचाचा पाश हे दोन शब्द एका ओळीत संपतात. येथे त्या पाशाला स्वतःचा आवाज आहे आणि तो आवाज मराठीतील उत्कृष्ट गद्यांपैकी एक आहे.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक सोडला नाही. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद मनुष्याने केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याशीच सोडविला, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो या स्वतंत्र निर्णयाच्या बळावर. पतीच्या श्रद्धेचा दाब हाही एक दाबच होता. तो त्यांनी मानला नाही म्हणून त्यांची श्रद्धा त्यांची राहिली.

9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. त्या महाकाव्याचे बहुतांश अध्याय आज ज्यांच्या लेखणीतून उतरलेले आहेत, त्यांना 1895 मध्ये, हा मार्ग तुम्हाला मान्य आहे काय, असे कोणीही विचारले नव्हते.