महाग घ्यावं की स्वस्त? मिक्सरच्या निमित्ताने थोडा हिशोब



दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. मागणी अर्जावर कारणाच्या रकान्यात "घरगुती वस्तू" असं लिहिलेलं असतं. मिक्सर, पंखा, फ्रीज, पाणी तापवायचा रॉड. मग बैठकीतच चर्चा रंगते. एक ताई म्हणते, घ्यायचं तर नावाजलेल्या कंपनीचंच घे. दुसरी म्हणते, आठवडी बाजारात निम्म्या किमतीत मिळतंय की, चायनाचं असलं म्हणून काय झालं, फिरतंय ना? यावेळचा पाठ याच प्रश्नावर आहे. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण हा सगळा अभ्यास मी त्या चुकीनंतर केला.

गेल्या वर्षी आपल्या एका गटातल्या सहा तायांनी शेंगा चटणी आणि लसूण चटणीचं काम सुरू केलं. दोन मिक्सर हवे होते. त्यांनी मला विचारलं, मॅडम, कुठला घ्यायचा? मी मोबाईलवर शोधलं. तीन भांडी, ७५० वॅट, १,८०० रुपये. दुकानातला कंपनीचा मिक्सर साडेचार हजारांचा होता. मी ठामपणे सांगितलं, "वरचे पैसे नुसते नावाचे आहेत, हाच घ्या." अंतर्गत कर्जातून दोन मिक्सर आले.

तिसऱ्या महिन्यात एकातून धूर निघाला. तेव्हा पंचवीस किलोची ऑर्डर हातात होती. खोक्यावर कंपनीचा पत्ता नव्हता, फक्त एक नाव होतं, तेही एका मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून केलेलं. परत करायची मुदत कधीच संपली होती. गावातल्या इलेक्ट्रिशियनने उघडून बघितलं आणि म्हणाला, आत तांब्याची तार नाही, ॲल्युमिनियमची आहे, तीही बारीक. ७०० रुपयांत त्याने मोटर भरून दिली, ती तीन आठवडे चालली. ऑर्डरपैकी चौदा किलो चटणी तायांनी शेजारच्या घरातल्या उखळात कुटून दिली, बाकीची गेली. मला कोणी काही बोललं नाही. सचिव ताईंनी वहीत "दुरुस्ती ७००" एवढंच लिहिलं. हप्ते मात्र पुढे सात महिने चालू होते.

म्हणजे महागच घ्यावं, असं वाटलं ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण हिशोब तेवढा सरळ नाही.

देशी कोणतं, विदेशी कोणतं?

आपण "देशी कंपनीचं" म्हणतो तेव्हा ते कुठे बनतं हे आपल्याला माहीत असतंच असं नाही. व्हर्लपूल, एलजी, हायर ही नावं बाहेरच्या देशांतली, पण तिघांचेही कारखाने पुण्याजवळ रांजणगावला आहेत. गोदरेजचे फ्रीज शिरवळला, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या वाटेवर बनतात. उलट प्रीती हे चेन्नईचं मिक्सरचं नाव २०११ साली फिलिप्स या परदेशी कंपनीने विकत घेतलं. आणि कितीतरी छोट्या वस्तूंवर नाव भारतीय कंपनीचं असतं, वस्तू मात्र चीनमधून तयार होऊन येते.

एक जुनी गोष्ट सांगते, मला फार आवडते. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे एक इंजिनियर राहत होते. त्यांच्या घरी जर्मन मिक्सर होता. त्या काळी बाहेरचा मिक्सर म्हणजे महागाची वस्तू! तो बंद पडला. आपली भिजलेली डाळ, सुकं खोबरं, कोरडा मसाला त्याच्या मोटरला झेपण्यासारखा नव्हता, तिकडे काय, फळांचा रस नि सूप. मग माथुरांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटर बसवून स्वतःच मिक्सर तयार केला. तोच "सुमीत". आपल्या आया आणि आज्या अजूनही कुठल्याही मिक्सरला सुमीत म्हणतात, ते त्यामुळे. म्हणजे प्रश्न देशाचा नव्हता, आपल्या वाटणाला कोणती मोटर लागते याचा होता. आजही तोच आहे.

हिशोब वहीत मांडू

आपल्या गटात शेकडा दोन दराने, दहा हप्त्यांत कर्ज मिळतं असं धरू. ४,५०० रुपयांचा मिक्सर घेतला, दर महिन्याला ४५० मुद्दल फेडलं, तर उतरत्या शिलकीवर एकूण व्याज होतं ४९५ रुपये. म्हणजे मिक्सर पडला ४,९९५ ला. १,८०० चा घेतला तर व्याज १९८, एकूण १,९९८.

आता महागाचा मिक्सर आठ वर्षं चालला, आणि वर्षाला शंभर रुपये कपलर, भांड्याचा बुश, पातं यावर गेले असं धरा. आठ वर्षांचा खर्च ५,७९५. स्वस्तातला दर दोन वर्षांनी जळाला आणि प्रत्येक वेळी नवीन कर्ज काढलं, तर चार मिक्सर, म्हणजे ७,९९२. इथे महाग ते स्वस्त पडलं, बावीसशे रुपयांचा फरक.

पण स्वस्तातला चार वर्षं चालला तर? मग दोनच लागतील, ३,९९६ रुपये. मग स्वस्तच स्वस्त! तुमच्या घरात दोन माणसं आहेत, पाटा-वरवंटा अजून वापरात आहे, मिक्सर फक्त सणाला आणि पाहुणे आले की निघतो, तर साडेचार हजार कशाला अडकवायचे? त्या पैशात एक शेळी येणार नाही, पण अर्धी तर येईल. हे मी गमतीने लिहीत नाही. एका ताईने बैठकीत मला हेच उत्तर दिलं होतं आणि मला काही बोलता आलं नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी स्वतःला विचारा: मी रोज किती वेळा वाटते, आणि काय वाटते? रोज सात-आठ माणसांचं वाटण, त्यात सुकं खोबरं आणि शेंगदाणे असतील तर हलकी मोटर टिकणार नाही.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की सोलापूरला? एसटीचं अर्धं तिकीट असलं तरी जायला एक दिवस, आणायला एक दिवस, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. काही मोठ्या नावांचं सेंटरही आपल्या भागात नाही. मग ती पाच वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते. मी आता दुकानदाराला किंमत नंतर विचारते, आधी विचारते की याचा कपलर आणि भांडं तुमच्याकडे सुटं मिळतं का. "मागवून देतो" असं म्हणाला तर समजायचं काय ते.

वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं

आता त्या चटणीच्या गटाकडे परत येते. पोळल्यावर आम्ही साडेचार हजारांचा मिक्सर घ्यायला दुकानात गेलो. यावेळी मी वॉरंटी कार्ड तिथेच उघडून वाचलं. त्यात लिहिलं होतं, फक्त घरगुती वापरासाठी. व्यवसायासाठी वापरलं तर वॉरंटी नाही. बहुतेक सगळ्याच कंपन्यांच्या घरगुती मिक्सरच्या कार्डावर ही ओळ असते, कितीही महाग घ्या. शिवाय मिक्सरच्या खाली एक पट्टी असते, तिच्यावर पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असं काहीतरी छापलेलं असतं. आपल्या ताया ऑर्डरच्या दिवशी सलग दोन-दोन तास चालवत होत्या. खरं सांगायचं तर त्या स्वस्त मिक्सरचा सगळाच दोष नव्हता. कंपनीचा असता तर सहा महिने जास्त टिकला असता इतकंच.

सहा जणींनी तिथेच बाहेर चहाच्या टपरीवर बसून ठरवलं, नवीन मिक्सर नको. शेंगदाणे भाजून गावातल्या कांडपावर न्यायचे, किलोमागे जे पैसे होतील ते चटणीच्या किमतीत धरायचे. उरलेल्या एका मिक्सरवर फक्त लसूण, तेही थांबून थांबून. तो मिक्सर अजून चालू आहे. धंदा वाढला तर कमर्शियल मशीनचं बघू. तेव्हा मात्र कोटेशन तीन ठिकाणचं घ्यायचं, आणि मोबाईलवर बघून सांगणाऱ्या मॅडमचं ऐकायचं नाही.

जिथे तडजोड नको

मिक्सर जळला तर पैसे जातात. रॉड, इस्त्री, गिझर, शेगडी यांचं तसं नाही, तिथे जीव जातो. या वस्तूंवर आयएसआय मार्क कायद्यानेच सक्तीचा आहे. तरी बाजारात दीडशे रुपयांचे बिनमार्काचे रॉड मिळतात. न्हाणीघरात ओल्या पायाने उभं राहून आपण ते लावतो, आणि पोरं आजूबाजूला असतात. खरा मार्क ओळखायची खूण अशी: चिन्हाच्या वर आयएस आणि पुढे नंबर असतो, खाली सीएम/एल आणि परवान्याचा नंबर असतो. नुसतं चिन्ह आहे, नंबर नाहीत, तर तो मार्क नाही, चित्र आहे. "बीआयएस केअर" नावाचं सरकारी ॲप मोबाईलमध्ये घ्या, त्यात हा परवाना नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. आपल्या सीआरपी तायांनी तरी हे ॲप ठेवावंच. आणि "सीई" अशी अक्षरं असतात ती आयएसआयची जागा घेत नाहीत, दुकानदार काहीही सांगो.

पंख्याचा हिशोब वेगळा आहे, तिथे विजेचं बिल बोलतं. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो. नवीन बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालला तर दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त बचत. वर्षात तीनशे दिवस धरले तर १६२ युनिट. युनिटला सरासरी सात रुपये धरले तरी अकराशेच्या वर. दोन पंख्यांच्या किमतीत पंधराशेचा फरक असेल तर दीड वर्षाच्या आत वसूल. फक्त लक्षात घ्या, या पंख्यात सर्किट असतं, ते गेलं तर गावात मोटर भरून मिळते तसं काम होत नाही, कंपनीकडेच जावं लागतं. म्हणून इथे वॉरंटी बघूनच घ्या.

बिल

"ताई, पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल, तसंच देऊ का?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. दोन-तीनशे वाचतात म्हणून आपण हो म्हणतो. पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि तक्रार करायला पुरावाही नाही. गटाच्या कर्जातून घेतलेल्या वस्तूचं पक्कं बिल पुढच्या बैठकीत दाखवायचं, असा ठराव काही गटांनी केला आहे. चांगला ठराव आहे.

बाहेरून आलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, तक्रारीचा फोन आणि कुठल्या देशात बनलं हे छापलेलं असलंच पाहिजे. ऑनलाईन घेताना तर देशाचं नाव स्क्रीनवरच दिसलं पाहिजे. हे असेल तर स्वस्त आयात वस्तूही वाईट नसते, निदान भांडायला समोर कोणीतरी असतं. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथे नाही सुटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार देता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्या घरात बंद पडलेला मिक्सर माळ्यावर पडलाय त्यांनी तो घेऊन या, सोबत खोकं, कार्ड, बिल जे असेल ते. सगळ्या मिळून त्याच्यावरची अक्षरं वाचू. पण आणायच्या आधी मिक्सर उलटा करून खाली एक छोटं लाल बटण आहे का बघा. जास्त भार पडला की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद होतो. प्लग काढा, थोडा थंड होऊ द्या, बटण आत दाबा. गेल्या महिन्यात एका ताईचा दोन वर्षं माळ्यावर पडलेला मिक्सर तेवढ्याने चालू झाला.