कोवलमचं कडवट दही

प्रश्न : चेन्नईजवळ कोवलमला राहतो. घरचं दही दुसऱ्या दिवशी आंबट होतंच, पण कडूही लागतं. असं का?

उत्तर : आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, कडवटपणा बहुधा प्रथिनांच्या तुकड्यांचा. दुधात मोकळी अमिनो आम्लं थोडी, म्हणून विरजणातले जिवाणू पेशीभित्तीवरच्या विकराने केसिन कापतात. तुकडे पेशीत ओढून तिथली विकरं ते आणखी बारीक करतात. बाहेरची कापणी जोरात आणि आतली संथ झाली, की कडू पेप्टाइडं साचतात. (स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसच्या अनेक वाणांकडे हे बाहेरचं विकर नसतंच, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसने कापलेल्यावर त्यांचं भागतं. चतुर भाडेकरू!)

तिथल्या उकाड्यात रात्रभर दही बाहेर ठेवू नका. दूध नीट उकळा, कोमट झाल्यावर चमचाभरच विरजण लावा, लागताच फ्रिजमध्ये ठेवा. तरीही कडूच लागलं तर विरजण बदला. तार सुटली किंवा कुबट वास आला, तर सरळ टाकून द्या.