ढग, धूर आणि मिठाची बरणी

जुलै महिन्यात खोपोलीहून बोरघाट चढताना एक गंमत पाहा. खाली असताना डोंगरमाथ्यावर ढग दिसतो. वर लोणावळ्यास पोचावे, तर ढग नाहीसा झालेला असतो आणि त्याच्या जागी धुके असते! अर्थात वस्तू एकच, पाहण्याची जागा निराळी.

समुद्रावरून आलेल्या हवेचे तापमान खोपोलीस २८ अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे असे धरू. या तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर २७ ग्रॅम बाष्प मावते; म्हणजे आपल्या हवेत ते सुमारे २२ ग्रॅम आहे. घाटाला अडून ही हवा वर चढते, दाब कमी झाल्याने प्रसरण पावते आणि दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते. साधारण पाचशे मीटर चढताच ती संपृक्त होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, म्हणजे ढगाच्या तळाच्याही वर!

पण थेंबाला बसायला पाट लागतो. जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास कापसातून गाळलेल्या हवेत वाफ सोडली. धुके झाले नाही. धूलिकण असलेल्या साध्या हवेत मात्र ते लगेच झाले. समुद्राच्या फेसातून उडालेले मिठाचे कण असे उत्तम पाट आहेत. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होते ते आईला विचारा. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळते. (बाजारच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असले तर ते त्याआधीच ओलावते.) हवेतला कण असा फुगून त्याचा व्यास दुप्पट झाला, तर आकारमान आठपट होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरास प्रयोगशाळा उभारली आहे. तेथे पावसाळ्यात ढग जमिनीवरच येत असल्याने कण व थेंब यांचे मोजमाप करता येते.

आता खरी अडचण. आमच्या एका विद्यार्थ्याने हवेतील कण मोजणारे स्वस्तातले उपकरण लोणावळ्यास नेले. भर पावसाळी धुक्यात त्याने पुण्यातल्या गजबजलेल्या चौकापेक्षा वाईट हवा दाखवली! असे उपकरण कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजते. कण धुराचा की पाण्याने फुगलेला, हे त्यास कळत नाही.

म्हणून प्रत्येक आकडा खोटाच, असे मात्र समजू नका. डिसेंबरात पहाटे वडगाव-कामशेतच्या खोऱ्यात थंड हवा तळाशी साचते. वरची हवा उबदार असल्याने चुलींचा व वाहनांचा धूर वर जात नाही. तो श्वासावाटे खरोखरच आत जातो. आर्द्रता त्याचा आकडा आणखी फुगवते. दुपारी आकडा उतरतो, तोही दोन कारणांनी: कण सुकतात आणि धूर विखुरतो. ही कारणे वेगळी कशी करावीत?

उपकरणाशेजारी कोरडा व ओला असे दोन तापमापक टांगा आणि प्रत्येक आकड्यासोबत आर्द्रता नोंदवा. मग शिक्षकांच्या मदतीने हवा किंचित कोमट केलेल्या नळीतून आत घ्या. फार तापवू नका. अमोनियम नायट्रेटसारखे कण उष्णतेने वायुरूप होऊन निसटतात. एकाच वेळी कोमट आणि साध्या नळीतून आलेल्या आकड्यांत जो फरक पडेल, तो बहुतांशी पाण्याचा.