एक कोटीची इमारत एक कोटीत होत नाही

अलोरे हे ग्रामपंचायतीचं गाव. आग लागली तर बंबासाठी चिपळूणकडे नाहीतर लोटे एमआयडीसीकडे बघायचं. 22 जुलै 2021 ला खुद्द चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली होती, त्या दिवशी तिकडून इकडे कोण येणार होतं? तेव्हा बंबाची शेड, आपत्ती साहित्याची खोली, वर नियंत्रण कक्ष आणि निवाऱ्याचा हॉल अशी एक इमारत आपल्याच भागात हवी, असं वाटणं साहजिक आहे. निधी जिल्हा नियोजन समितीतून येवो नाहीतर आणखी कुठून, सरपंच-सदस्यांनी आणि ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्यांनी हिशेब आधीच मांडून ठेवावा.

समजा, नुसतं बांधकाम 100 लाखांचं धरलं. नळकाम, मलनिःसारण आणि विजेचे 12 लाख मिळवा, झाले 112. राज्य दरसूचीतले दर जीएसटी वगळून असतात. सरकारी बांधकामावरची 12 टक्क्यांची सवलत जुलै 2022 मध्ये गेली, आता 18 टक्के, म्हणजे 20.16 लाख. बांधकाम कामगार कल्याण उपकर 1 टक्का, 1.12 लाख. आकस्मिक खर्च 4 टक्के धरला तर 4.48 लाख. बेरीज 137.76 लाख. यात कुंपण नाही, जनित्र नाही, बोअरवेल नाही, रस्त्यापासून शेडपर्यंतचं काँक्रीट नाही. नियंत्रण कक्षात खुर्च्याही नाहीत. प्रशासकीय मान्यता 1 कोटीची घेऊन नारळ फोडला, तर खिडक्या बसवायच्या आधीच सुधारित मान्यतेसाठी रत्नागिरीच्या फेऱ्या सुरू होतात. जनित्र आणि आतला रस्ता पहिल्याच अंदाजपत्रकात घाला. उद्घाटनानंतर त्यासाठी कोणी पैसे देत नाही.

आता जागा. अलोऱ्यात कोयना प्रकल्पाची वसाहत आहे, त्यामुळे मोकळी दिसणारी जमीन जलसंपदा विभागाच्या नावावर असू शकते. सातबारा काढून बघा, हस्तांतरणाचं पत्र हातात येईपर्यंत निविदा काढू नका. वाशिष्ठीच्या पात्राजवळची जागा असेल तर पूररेषा विचारा. कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणीही याच नदीला मिळतं. आपत्तीत उभी राहायची इमारत पुरात बुडणारी असेल तर तो खर्च कशासाठी?

हा पट्टा भूकंप क्षेत्र 4 मध्ये मोडतो, आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप इथल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. भारतीय मानक 1893 प्रमाणे अग्निशमन केंद्रासाठी महत्त्व गुणांक 1.5 धरायचा असतो. साध्या घराच्या दीडपट भूकंपबल गृहीत धरून आराखडा करायचा, म्हणजे लोखंड वाढणार. शेजारच्या गावातल्या समाजमंदिराचा चौरस फुटाचा दर इथे लावला की अंदाजपत्रक तिथेच फसतं. संकल्पचित्राच्या पानावर हा 1.5 चा आकडा स्वतः शोधा.

सगळ्यात जास्त पैसा मात्र जमिनीखाली जातो. वर जांभा दिसतो, खाली मऊ माती लागेल की काळा कातळ, हे खणल्याशिवाय कळत नाही. निविदेआधी दोन-तीन चाचणी खड्डे घ्या, खर्च किरकोळ आहे. कारण बी-1 नमुन्याच्या निविदेत कलम 38 असतं: एखाद्या बाबीचं प्रमाण मूळच्या 125 टक्क्यांपर्यंत गेलं तर निविदेचाच दर, त्यापुढच्या प्रमाणाला दर नव्याने ठरतो. मुरलेला ठेकेदार अंदाजपत्रक हातात आल्यावर आधी खोदाईचं पान उघडतो. कठीण खडकातली खोदाई तिथे मुद्दाम कमी दाखवलेली असेल तर त्याला हसू येतं.

म्हणूनच ‘22 टक्के बिलो’ ऐकून टाळ्या वाजवू नयेत. 112 लाखांच्या कामाला 22 टक्के कमी म्हणजे 87.36 लाख, 24.64 लाख गेले कुठे? दरसूचीत ठेकेदाराचा नफा आणि वरकड खर्च धरलेलाच असतो, तो पूर्ण सोडला तरी एवढी फट भरून निघणं कठीण. उरलेली भर सिमेंट, सळई आणि पाणी मारण्याच्या दिवसांतून निघते. दर 10 टक्क्यांहून खाली गेला की जादा सुरक्षा ठेव घेण्याचा नियम आहे. ती कार्यारंभ आदेशाआधी जमा झाली का, हे लेखी विचारा. दरांचं पृथक्करणही मागा. वाळू-खडीच्या स्वामित्वधनाच्या पावत्या आल्या नाहीत तर ती रक्कम देयकातून कापली जाते, हे ठेकेदाराला माहीत असतं, ग्रामपंचायतीलाही असावं.

तारखेलाही किंमत आहे. कार्यारंभ आदेश एप्रिलात दिला की जूनमध्ये पायाचे खड्डे तळी होतात, उपसा आणि गाळ काढणं ‘अतिरिक्त बाब’ म्हणून येतं. निविदा पावसाळ्यात उरकून ऑक्टोबरात कुदळ मारलेली बरी. पाया आणि स्लॅबच्या सळईची मोजमाप पुस्तिकेतली नोंद काँक्रीट ओतण्याआधीच झाली पाहिजे. नंतर ती मोजणार कशी? त्या दिवशी सदस्यांपैकी एकाने तरी हजर राहावं, मोबाइलवर टेपसकट फोटो काढावेत.

आणि सुरक्षा ठेव. दोष दायित्व कालावधी संपत आला की ती सोडवायची घाई होते, बहुधा मार्चअखेर, गच्ची कोरडी ठणठणीत असताना. निविदेच्या अटीतच घालून घ्या की शेवटची पाहणी जुलैत, मुसळधार पावसात होईल, तीही नियंत्रण कक्षाच्या छताखाली उभं राहून.