यंत्राला वीज जोडताना

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर होऊन बाहेर पडतात. नोकरीची वाट पाहत न बसता काहीजण कर्ज काढून गाळा भाड्याने घेतात. एक जुना लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर मांडून स्वतःच्या पायावर उभे राहतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण यंत्र घेताना दहा ठिकाणी फिरणारे हे तरुण वीजजोडणीचे काम मात्र कोणा ओळखीच्या माणसाकडून एका दुपारात उरकून घेतात. म्हणून सदर विषय आम्ही या अंकासाठी निवडला आहे.

आमच्या माहितीतील एका गाळ्यात लेथला हात लावला की मुंग्या येत. कामगार म्हणत, "जरा चावतंय, काही होत नाही." त्यांनी पायाखाली लाकडी फळी टाकली आणि चार-पाच महिने तसेच काम केले. पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरले, फळी भिजली आणि एक शिकाऊ मुलगा यंत्राला चिकटला. शेजारच्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून तो वाचला. नंतर पाहिले तर अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती आणि त्या पाइपाचा जमिनीतला भाग बदलून प्लास्टिकचा केलेला होता. तार होती, अर्थिंग नव्हते.

शरीरातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह गेला तर तो जाणवतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे प्रवाह काही क्षण टिकला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. आता घरातला साधा ६ अँपिअरचा एमसीबी घ्या. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. हा फरक आमच्या अनुभवात शिकलेल्या मंडळींनाही ठाऊक नसतो.

विद्यार्थ्यांनी पुढील गणित वहीत करून पाहावे. समजा, आपल्या अर्थच्या खड्ड्याचा रोध ८ ओहम आहे आणि वीजमंडळाच्या ट्रान्सफॉर्मरकडील अर्थचा २ ओहम. यंत्रातील एका फेजची तार घासून बॉडीला लागली. २३० व्होल्ट भागिले १० ओहम, म्हणजे २३ अँपिअर प्रवाह जमिनीतून जाईल. गाळ्यात ३२ अँपिअरचा एमसीबी असेल तर तो पडणारच नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा नेहमीचाच भार आहे. आणि यंत्राच्या बॉडीवर किती दाब राहील? २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट! अर्थिंग केलेले असूनही यंत्र असे जीवघेणे राहू शकते.

यावर उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत पुरवठा तोडतो. थ्री-फेज यंत्रासाठी चार पोलचा घ्यावा आणि त्यावरील ‘टेस्ट’ बटण दर महिन्याला दाबून पाहावे. मात्र आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंग सोडायचे नाही, दोन्ही हवेत.

काही वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून "बघा, अर्थिंग एकदम कडक" असे सांगतात. त्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. खड्ड्याचा रोध ५० ओहम असला तरी वीसेक व्होल्टच कमी होतात आणि बल्ब लख्ख पेटतो. त्याने काहीच सिद्ध होत नाही. अर्थ टेस्टरने मोजलेला आकडा मागावा, तोही मे महिन्यात, कारण उन्हाळ्यात माती सुकली की रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी सवय चांगली आहे. ती मोडू नये.

मोटारीला नुसत्या स्विचवर चालवू नये, स्टार्टर लावावा. लाइट गेली की त्यातील नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि लाइट आल्यावर हिरवे बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. चकमध्ये हात असताना वीज परत आली तर काय होईल, याचा विचार करावा. काहीजण बटण सारखे दाबायचा कंटाळा येतो म्हणून स्टार्टरला काडी खुपसून ठेवतात. त्यांना काय म्हणावे! तीनपैकी एक फेज गेल्यास मोटार घुमते, तापते व जळते. त्यासाठी सिंगल-फेज प्रिव्हेंटर मिळतो. मोटार भरण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत फार नाही.

यंत्र उघडताना मेन बंद करून फ्यूज काढावेत व स्वतःच्या खिशात ठेवावेत. "मेन बंद आहे" हे दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य पुरेसे नाही. फ्यूज उडाल्यास जाड तार घालू नये, का उडाला ते शोधावे.

भारतीय विद्युत नियम १९५६ यांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी व नंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली. नव्या जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून त्याचा चाचणी अहवाल घ्यावा. पैसे वाचवायचे असतील तर ते रंगात वाचवा.

कोणी यंत्राला चिकटलेच तर त्याला हात लावू नका. प्रथम मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला ढकला. श्वास थांबला असेल तर १०८ वर फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोराने दाब देत राहावे, रुग्णवाहिका येईपर्यंत. मेन स्विच कुठे आहे हे नव्या शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी दाखवावे आणि त्याच्यासमोर रद्दीचे गठ्ठे रचू नयेत.