लिनक्स बसविले, पण बिनतारी इंटरनेट लागेना

बचत गटाच्या खोलीत, वाचनालयात, शाळेच्या कपाटात पुष्कळ ठिकाणी जुना लॅपटॉप असतो. त्यावर विंडोज १० असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. पुढचे विंडोज ११ जुन्या यंत्रावर सहसा बसत नाही. मग घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, "काका, लिनक्स घालू या. फुकट आहे, आणि जुन्या यंत्रावर बरं चालतं."

मुलगा खरे तेच सांगतो. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स तयार करायला घेतले. आज जगभरची माणसे ते वाढवितात. ज्वारीचे जसे वाण, तसे लिनक्सचेही वाण आहेत. मिंट, उबुंटू, डेबियन ही त्यांतली काही नावे. नवशिक्याला मिंट सोपे पडते.

लिनक्स बसते. पडदा उजळतो, आवाज येतो, छपाईयंत्रही लागते. फक्त वाय-फाय नाही. म्हणजे तारेवाचून येणारे इंटरनेट गेले. कोणी म्हणतो, कार्ड जळाले. कोणी म्हणतो, लिनक्स काही कामाचे नाही. आणि चांगला चालता लॅपटॉप भंगारात जातो. मुलांचे अर्ज, सातबारा, गटाचा हिशेब यांसाठी पुन्हा तालुक्याच्या खेपा सुरू होतात.

थोडे थांबा. काल विंडोजवर वाय-फाय चालत होते ना? मग कार्ड एका रात्रीत कसे जळेल? बहुतेक वेळा कार्ड धड असते. नडते ते दुसरेच.

समजा, आपण गाडी तीच ठेवली, बैलही तोच ठेवला, पण गाडीवान बदलला. बैलाला जुन्या गाडीवानाची हाक ओळखीची. नव्याची हाक त्याला कळत नाही. बैल जागचा हलत नाही. म्हणून बैल आजारी आहे असे आपण म्हणतो का? संगणकातही असेच असते. वाय-फायची एक लहान चिप असते. तिला हाक देणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हणजे गाडीवानच की! विंडोजबरोबर विंडोजचा गाडीवान गेला. लिनक्सचा गाडीवान अजून आला नाही, एवढेच.

यात आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ चिपांना स्वतःचे थोडे शहाणपण बाहेरून द्यावे लागते. संगणक चालू झाला की एक लहानशी फाइल त्या चिपमध्ये भरली जाते. तिला फर्मवेअर म्हणतात. वीज गेली की चिप ते विसरते. पुढच्या वेळी ते पुन्हा भरावे लागते. ही फाइल चिप बनविणाऱ्या कंपनीच्या मालकीची असते. ती वाटण्याची परवानगी कंपनीने दिली नाही, तर लिनक्सवाले ती आपल्या पेन ड्राइव्हमध्ये कशी घालतील? दुसऱ्याचे बी त्याला न विचारता वाटल्यासारखे ते होईल.

ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांनी लोकांना फार वर्षे छळले. कंपनी लिनक्सला माहिती देईना. तेव्हा काही हुशार माणसांनी चिप कशी वागते ते बारकाईने पाहिले आणि स्वतःच ड्रायव्हर लिहिला. २००६ साली तो लिनक्सच्या गाभ्यात आला. किती चिकाटीचे काम ते! २०१० साली कंपनीने आपल्या काही नव्या चिपांचा ड्रायव्हर स्वतःहून खुला केला. तरी सगळ्या चिपांचा नाही. २०१३-१४ च्या सुमाराच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये 'बीसीएम ४३१४२' ही चिप मिळते. तिला आजही कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. डेबियनने मात्र २०२३ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून असे मालकीचे फर्मवेअर बसविण्याच्या पेन ड्राइव्हमध्येच द्यायला सुरुवात केली. त्यामुळे पुष्कळ यंत्रांचा त्रास वाचला.

आता आपले यंत्र समोर घ्या.

आधी सगळ्यात सोपे पाहा. लॅपटॉपच्या बाजूला वाय-फायचे लहान बटण असते, किंवा वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर विमानाचे चित्र असते. ते चुकून दाबले गेले असेल तर वाय-फाय बंद राहते. हसू नका, असे फार होते. हे लिनक्सलाच विचारता येते. कंट्रोल, आल्ट आणि टी ही तीन बटणे एकदम दाबा. काळी खिडकी उघडेल. तिला टर्मिनल म्हणतात. त्यात इंग्रजी लहान अक्षरे टंका: आर, एफ, के, आय, एल, एल. मग एक जागा सोडा आणि एल, आय, एस, टी. मग एंटर. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' आले तर वाय-फाय आतून बंद आहे. ते पडद्यावरच्या वाय-फायच्या खुणेवरून चालू करता येते. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' आले तर ते बाहेरच्या बटणाने बंद आहे. ते बटणच शोधावे लागेल.

बटण ठीक असेल तर पुढचा प्रश्न. यंत्राला चिप दिसते का? टर्मिनलमध्ये एल, एस, पी, सी, आय अशी पाच अक्षरे जोडून टंका. यंत्राच्या सगळ्या अवयवांची यादी येईल. तीत 'नेटवर्क कंट्रोलर' असे शब्द शोधा. त्यापुढे चिपचे नाव आणि अंक असतील. ते कागदावर नीट उतरवून घ्या. हा कागद फार मोलाचा. उद्या कोणाला मदत विचारायची झाली, तर "वाय-फाय चालत नाही" एवढे सांगून काही होत नाही. चिपचे नाव सांगितले की जाणता माणूस अर्धे काम तिथेच संपवितो. काही चिपा यूएसबीच्या मार्गाने जोडलेल्या असतात. त्यांच्यासाठी एल, एस, यू, एस, बी टंकावे. दोन्ही याद्यांत नाव नसले, तरच कार्ड सैल झाले किंवा बिघडले अशी शंका घ्यावी.

चिप दिसते, पण चालत नाही, म्हणजे गाडीवान हवा. गाडीवान इंटरनेटवर आहे. आणि इंटरनेट तर नाही! विहिरीत दोर पडला, तो काढायला दोर हवा, तशी ही गत. पण वाट आहे.

आपला मोबाइल घ्या. त्याची तार लॅपटॉपला जोडा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' असे लिहिलेले असते, ते चालू करा. मोबाइलचे इंटरनेट तारेतून लॅपटॉपला मिळू लागते. यासाठी बहुतेक वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तार मात्र नीट पाहून घ्या. काही स्वस्त तारांतून फक्त चार्जिंग होते, माहिती जात नाही. टेदरिंगचे बटण दाबलेच जात नसेल तर आधी तार बदला. आणखी एक सांगतो. इंटरनेट लागले की लिनक्स आपल्या सगळ्या सुधारणा मागू लागते. त्या त्या वेळी घेऊ नका. मोबाइलचा दिवसाचा डेटा त्यातच संपेल. आधी फक्त ड्रायव्हर घ्या.

मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाची खिडकी आहे. उबुंटूत तिला 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' म्हणतात. ती उघडा. ती स्वतःच चिप ओळखते आणि योग्य ड्रायव्हर सुचविते. त्यावर खूण करा आणि काम संपेपर्यंत वाट पाहा. मिंटवाल्यांनी एक छान सोय केली आहे. ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट बसविले, तोच लावला तर ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्यातूनही मिळतो. इंटरनेट नसले तरी चालते. म्हणून बसवून झाल्यावर तो पेन ड्राइव्ह लगेच पुसून टाकू नये.

मध्ये पासवर्ड विचारला जाईल. लिनक्सच्या काही वाणांत टर्मिनलमध्ये पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकाही नाही. तसेच टंकायचे आणि एंटर दाबायचे.

काही यंत्रांत 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरी असतो. अनोळखी ड्रायव्हरला तो दारातच अडवितो. अशा वेळी ड्रायव्हर बसविताना एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात. यंत्र पुन्हा सुरू झाले की निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल' हा शब्द निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडा वेळच थांबतो. घाईने पुढे गेलात, तर सगळे बसवूनही वाय-फाय येत नाही, आणि का येत नाही ते कळत नाही. पहिल्यांदा करताना शेजारी कोणी जाणते असावे.

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवली असतील तर आणखी एक गोम आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असते. त्यामुळे विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि कधी कधी वाय-फायची चिप आपल्याच ताब्यात ठेवते. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करावे.

वाय-फाय लागते, पण सारखे तुटते, अशीही तक्रार असते. ते पुष्कळदा वीज वाचविण्याच्या खटपटीमुळे होते. चिप मधून मधून डुलकी घेते आणि जोडणी सुटते. मिंट आणि उबुंटूत 'नेटवर्क मॅनेजर'च्या फायलींत 'पॉवरसेव्ह' समोर ३ हा अंक असतो. त्याच्या जागी २ केला की डुलकी बंद होते. बॅटरी थोडी लवकर उतरते, ते चालवून घ्यावे.

आमचे मत विचाराल तर हे सगळे लिनक्स बसविण्याच्या आधीच पाहावे. मिंट असो की उबुंटू, न बसविता नुसते पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तेव्हा आतले विंडोज जसेच्या तसे राहते. तिथेच वाय-फाय लागते का ते बघा. लागले तर बसवा. नाही लागले तर चिपचे नाव लिहून घ्या, आणि विंडोज अजून शाबूत आहे तोवर चौकशी करा.

आणि काही केल्या चिप वळणावर आलीच नाही तर? यूएसबीत लावायचे वाय-फायचे लहान डाँगल मिळते. लॅपटॉप टाकण्यापेक्षा ते केव्हाही परवडते. 'एआर ९२७१' चिपचे डाँगल लिनक्सवर चांगले चालते. पण खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या डाँगलमध्ये पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसरीत वेगळीच, असे झालेले आहे. दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्या. डाँगल तिथेच लावा. वाय-फायच्या यादीत जवळपासची नावे दिसली, की मग पैसे द्या.